मुळशीचे पाणी आणि मावळची जमीन

पुण्याहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता पौड ओलांडून ताम्हिणी घाटाच्या दिशेने चढू लागला, की उजव्या-डाव्या हाताला डोंगरांच्या कुशीत शिरलेले एक विस्तीर्ण जलाशयाचे पात्र दिसू लागते. पावसाळ्यात त्यावर ढग उतरतात, हिवाळ्यात पाणी आरशासारखे निश्चल असते. शहरातून येणारा प्रवासी क्षणभर थांबतो, त्या देखाव्याला निसर्ग असे नाव देतो आणि पुढे जातो. हा निसर्ग शंभर वर्षांपूर्वी येथे नव्हता. जे होते ते भाताची खाचरे, आंबराया, देवळे, पाणवठे आणि पन्नासाहून अधिक गावे होती, हे त्याला कोणी सांगत नाही. इतिहासात काही घटना अशा असतात, की त्यांचा पराभवच त्यांच्यावर पाण्यासारखा पसरतो आणि त्यांचा ठावठिकाणा झाकून टाकतो. मुळशीचा सत्याग्रह ही त्यांपैकी एक घटना होय.

हा सत्याग्रह १९२१ ते १९२४ या काळात झाला. धरणामुळे उठविल्या जाणाऱ्या माणसांनी संघटितपणे केलेला जगातील पहिला लढा, असे त्याचे वर्णन अभ्यासकांनी केले आहे. ‘पहिला’ या विशेषणाचा मोह बाजूला ठेवला, तरी एवढे निश्चित, की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या देशाच्या खोऱ्याखोऱ्यांतून जे प्रश्न विचारले गेले, ते सर्व प्रश्न मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी कित्येक दशके आधी विचारले होते. जमीन कोणाची? विकास कोणासाठी? आणि ‘सार्वजनिक हित’ ठरविण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नांची उत्तरे त्यांना मिळाली नाहीत. मात्र उत्तर न मिळालेला प्रश्न मरत नाही, तो पुढच्या पिढीच्या दारी जाऊन उभा राहतो. म्हणूनच या लढ्याकडे केवळ स्वातंत्र्य-आंदोलनातील एक उपकथानक म्हणून पाहणे अपुरे ठरते.

प्रथम भूमीचा विचार करावा लागेल. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो तो चार महिन्यांत, आणि तेथून उगम पावणाऱ्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. मुळा आणि निळा या नद्यांचे पाणी पुण्याकडे येते, मुठेला मिळते, भीमेतून कृष्णेत जाते आणि शेकडो मैलांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. परंतु त्याच माथ्याच्या पश्चिमेस कोकणाचा कडा एकदम तुटलेला आहे. पूर्ववाहिनी नदीला बांध घालून तिचे पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळविले, तर ते सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते, आणि त्या पतनात प्रचंड शक्ती असते. ही कल्पना अभियांत्रिकीच्या दृष्टीने विलक्षण होती. टाटा उद्योगसमूहाने लोणावळ्याच्या परिसरातील धरणांच्या पाण्यावर खोपोली येथे १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू करून ती सिद्धही करून दाखविली होती. मुंबईच्या गिरण्यांना लागणारा कोळसा दूरच्या बंगाल-बिहारमधून आणावा लागे. पाण्यापासून मिळणारी वीज स्वस्त होती, शिवाय धूर नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईची भूक वाढली आणि कंपनीची दृष्टी मुळा-निळेच्या संगमाकडे वळली.

त्या संगमाभोवतीचे खोरे ओसाड नव्हते. मुळशीचा आंबेमोहोर तांदूळ पुण्याच्या घराघरांत प्रसिद्ध होता. डोंगरउतारावर दगडी बांध घालून, माती अडवून खाचरे तयार करणे हे एका पिढीचे काम नसते. आजोबाने रचलेला बांध नातवाने सावरायचा, वाहून गेलेली माती डोक्यावरून परत आणायची, तेव्हा कोठे भाताचे आवण उभे राहते. रोपासाठी जमीन भाजावी लागते. त्याकरिता झाडांच्या फांद्या, पाला, गवत आणि शेण यांचे थर पेटवून ‘राब’ करतात. म्हणजे शेताचे अस्तित्व जंगलावर, जंगलाचे गुरांवर आणि गुरांचे कुरणावर अवलंबून असते. वरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, खालच्या खाचरात भात, मधल्या उतारावर झाडी, अशी ती एकसंध रचना होती. मुळशीचे मावळे ‘पर्यावरण’ हा शब्द जाणत नव्हते. तो शब्द मराठीत रूढ व्हायला अजून अर्धे शतक जायचे होते. परंतु शेत, रान आणि पाणी ही एकाच देहाची अंगे आहेत, हे ज्ञान त्यांच्या दैनंदिन श्रमात मुरलेले होते.

कायद्याच्या भाषेत मात्र या देहाचे तुकडे होत होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी कोणाचीही जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार दिला होता, आणि त्याच कायद्यातील एका स्वतंत्र भागाने हे संपादन खासगी कंपनीसाठीही करता येईल अशी तरतूद केली होती. मोबदला ठरायचा तो बाजारभावाने, आणि सक्तीबद्दल त्यावर शेकडा पंधरा टक्के अधिक. राबासाठी लागणाऱ्या पाल्याला बाजारभाव नव्हता. गुरे चारण्याच्या सवयीच्या हक्काला नव्हता. आजोबाच्या बांधालाही नव्हता. त्याहून मोठी गोष्ट अशी, की मोबदला मिळायचा तो ज्याच्या नावावर जमीन त्याला. मुळशी पेट्यातील बऱ्याच जमिनी गहाणखतांतून पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. त्या कसणारा मावळा कूळ म्हणून राबत होता. जमीन पाण्याखाली गेली, तर सावकाराच्या हाती रोख रक्कम येणार होती आणि कुळाच्या हाती काहीच नाही. एकाच धरणाने एकाला भांडवल मिळवून दिले असते आणि दुसऱ्याला देशोधडीस लावले असते. या अंतर्विरोधाची नोंद सुरुवातीलाच घेतली पाहिजे, कारण लढ्याचे भवितव्य पुढे त्यानेच ठरविले.

कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनीत परवानगी न घेता चाचणीचे चर खणण्यास आरंभ केला, तेव्हा लोकांना संकटाची पहिली जाणीव झाली. गावोगावी बैठका भरल्या आणि पुण्यातील राष्ट्रीय विचारांच्या मंडळींशी संपर्क साधला गेला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जमले आणि कामावर ठाण मांडून बसले. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची प्रतिज्ञा होती. काम बंद पडले. असहकाराचा तो काळ. महात्मा गांधींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’तून या शेतकऱ्यांची बाजू मांडली आणि टाटांनी गरिबांच्या इच्छेविरुद्ध जाऊ नये, असे आवाहन केले. कंपनीने काम तात्पुरते थांबविले. काही महिने असे वाटले, की निःशस्त्र शेतकऱ्यांनी भांडवल आणि साम्राज्य या दोहोंना एकाच वेळी थोपविले आहे.

या लढ्याचे नेतृत्व ज्यांच्याकडे आले, ते पांडुरंग महादेव बापट हे त्या काळातील एक असाधारण व्यक्तिमत्त्व होते. १८८० मध्ये पारनेर येथे जन्मलेले बापट उच्च शिक्षणासाठी एडिंबरोला गेले, ब्रिटिश राजवटीविरुद्ध भाषण केल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली, आणि पुढे क्रांतिकारकांच्या वर्तुळात राहून त्यांनी बाँब तयार करण्याची विद्याही मिळविली. अज्ञातवास आणि तुरुंग पाहून आलेल्या या माणसाने मुळशीत सत्याग्रहाचे शस्त्र हाती घेतले. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना येथेच चिकटली, आणि ती लोकांनी दिलेली होती हे विसरता येत नाही. त्यांचे सहकारी विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून संघटनेचे काम केले आणि उत्तरायुष्यात या लढ्याचा इतिहासही लिहून ठेवला. ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे यांना १९२२ मध्ये या सत्याग्रहाबद्दल तुरुंगवास घडला. शहरातील लेखणी आणि खोऱ्यातील नांगर यांची अशी गाठ त्यापूर्वी महाराष्ट्रात क्वचितच पडली होती.

तथापि ही गाठ पक्की नव्हती. सरकारने कंपनीच्या बाजूने कायद्याचे बळ उभे केले आणि १९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले. सत्याग्रहाचे दुसरे पर्व सुरू झाले ते अटका आणि शिक्षा यांनीच. मावळे तुरुंगात गेले, स्त्रियाही गेल्या. पण त्याच वेळी जमीनमालक आणि सावकार यांना वाढीव मोबदल्याचा मार्ग अधिक पसंत पडू लागला. त्यांचा विरोध धरणाला नव्हता, दराला होता. दर सुधारताच त्यांचा उत्साह ओसरला. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याच्या घटनेनंतर देशव्यापी असहकार थांबला, पुढच्या महिन्यात गांधीजींना अटक झाली, आणि मुळशीच्या मागे असलेला राष्ट्रीय प्रवाहही आटला. खोऱ्यात उरले ते ज्यांना जमिनीवाचून दुसरा आधार नव्हता ते, आणि त्यांच्याबरोबर बापट.

एकाकी पडलेल्या लढ्याचे शेवटचे पर्व करुण आहे आणि वादग्रस्तही. बापटांनी शुद्ध अहिंसेची मर्यादा ओलांडली. १९२४ च्या अखेरीस कंपनीच्या कामावर जाणारी आगगाडी रुळांवर दगड रचून अडविल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते सुटले १९३१ मध्ये. तोवर धरण पूर्ण झाले होते आणि १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातील चक्रे फिरू लागली होती. दहा हजारांच्या वर माणसे उठली. कोणी वर डोंगराच्या कडेला सरकले, कोणी मजुरीसाठी शहराची वाट धरली. ज्या विजेसाठी ती उठली, ती डोंगरावरून तारांनी मुंबईस गेली.

मुळशीचा लढा केवळ परकी सत्ता आणि देशी जनता यांच्यातील नव्हता, आणि या घटनेची खरी गुंतागुंत येथेच आहे. टाटांचा उद्योग हा स्वदेशीच्या स्वप्नाचा एक मूर्त आविष्कार होता. देशी भांडवल, देशी कर्तृत्व, परावलंबनातून मुक्ती या सर्व गोष्टी राष्ट्रवादी मनाला प्रिय होत्या. मग त्या स्वदेशी उद्योगासाठी काही स्वदेशी शेतकऱ्यांनी त्याग केला तर काय बिघडले, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पेट्यातील मावळ्याने त्याला दिलेले उत्तर साधे होते: त्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो, दुसऱ्याने करून घेतलेल्या त्यागाला वेगळे नाव आहे. शिवकाळात ज्यांच्या पूर्वजांनी स्वराज्यासाठी रक्त सांडले, त्यांच्याच वंशजांना स्वराज्याच्या उंबरठ्यावर भूमिहीन करणारा विकास हा कोणाचा विकास, हा प्रश्न सत्याग्रहाच्या प्रचारात वारंवार उमटत राहिला. राष्ट्र या संकल्पनेच्या आत जे वर्ग आणि जे प्रदेश दडलेले असतात, ते मुळशीने प्रथमच इतक्या स्पष्टपणे उघड केले.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत राबणारे लाखो कामगार हेही कोकणातून आणि घाटावरून आलेले शेतकऱ्यांचेच पुत्र होते. त्या विजेवर त्यांच्या चाळीतील दिवे लागले, त्यांच्या हाताला काम मिळाले. धरण म्हणजे केवळ अन्याय आणि विरोध म्हणजे केवळ न्याय, अशी विभागणी इतिहास मान्य करीत नाही. प्रश्न धरण हवे की नको एवढाच नव्हता. ज्यांची जमीन जाणार त्यांना विचारले गेले काय, त्यांच्या नुकसानीचे संपूर्ण मोजमाप झाले काय, आणि लाभात त्यांचा वाटा ठरला काय, हे ते तीन प्रश्न होत. तिन्हींचे उत्तर नकारार्थी होते. आणि जे नकारार्थी होते, ते अपघाताने नव्हे, तर कायद्याच्या रचनेनेच तसे होते.

स्वातंत्र्यानंतर धरणांची संख्या वाढली, परंतु ती रचना फारशी बदलली नाही. ओडिशात हिराकूड प्रकल्पाला १९४६ पासूनच विरोध झाला आणि तो राष्ट्रबांधणीच्या जयघोषात विरून गेला. महाराष्ट्रात कोयनेचे खोरे रिकामे झाले. दीर्घ अनुभवानंतर १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा केला. अशा प्रकारचा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य. दरम्यान हिमालयात चिपको उभा राहिला, आणि मार्च १९७४ मध्ये रैणी गावच्या स्त्रियांनी गौरादेवींच्या नेतृत्वाखाली झाडे तोडणाऱ्यांना परत पाठविले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे प्रस्तावित धरण लोकांच्या आणि वैज्ञानिकांच्या एकत्रित विरोधामुळे रद्द झाले आणि १९८४ मध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. १९८७-८८ मध्ये नवापूरपासून कन्याकुमारीपर्यंत ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा निघाली. नर्मदेच्या खोऱ्यातील दीर्घ आंदोलनाने विस्थापन आणि विकास यांची चर्चा जगाच्या व्यासपीठावर नेली. या सर्वांचा मुळशीशी थेट वारसा आहे असे म्हणता येणार नाही. पुष्कळांना मुळशीचे नावही ठाऊक नव्हते. तरीही त्यांचे प्रश्न जुळले, याचे कारण परिस्थिती जुळली होती.

खुद्द मुळशी तालुक्यात इतिहासाने आणखी एक वळण घेतले. १९९६ मध्ये राज्य सरकारने गिरिस्थानांच्या विकासासाठी विशेष नियम केले आणि त्यानंतरच्या दशकात मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठावर, लवासा हे खासगी नगर उभे राहू लागले. यावेळी गिरण्यांसाठी वीज नको होती. डोंगरउतारावरच्या घरांसाठी उतारच हवा होता. डोंगर कापणे, आदिवासी आणि शेतकऱ्यांच्या जमिनींचे व्यवहार, पाण्याची उपलब्धता यांविषयी स्थानिकांनी आणि कार्यकर्त्यांनी प्रश्न उपस्थित केले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरणीय परवानगीच्या मुद्द्यावर नोटीस बजावली आणि काम थांबले. नोव्हेंबर २०११ मध्ये अटींसह परवानगी मिळाली. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. पाण्यात बुडालेले खोरे आणि अर्धवट उभे राहिलेले नगर ही दोन्ही एकाच तालुक्याची चित्रे आहेत. त्यांच्यामध्ये नव्वद वर्षांचे अंतर आहे, परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: डोंगरी भूमी ही रिकामी असते, आणि तिचे मूल्य शहर ठरविते.

या गृहीतकाला कायद्यात पहिली मोठी खीळ बसली ती १८९४ चा कायदा रद्द झाला तेव्हा. २०१३ मध्ये संसदेने भूसंपादनाचा नवा कायदा केला, जो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल, तर बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती आवश्यक ठरली, सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आले, आणि केवळ मालकालाच नव्हे, तर त्या जमिनीवर उपजीविका असणाऱ्यालाही बाधित मानले गेले. कूळ आणि मजूर यांना कायद्याने पाहिले. मुळशीच्या मावळ्याने १९२१ मध्ये धरणाच्या जागी बसून जे मागितले होते, त्यातील काही अंश ब्याण्णव वर्षांनी कायद्याच्या कलमांत उतरला. अनेक राज्यांनी पुढे आपापल्या दुरुस्त्यांनी या अटी शिथिल केल्या, हेही नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर ग्रामसभा भरल्या आणि बाराच्या बाराही सभांनी बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला. विचारले गेले असते, तर मुळशीने काय उत्तर दिले असते, याची कल्पना त्यावरून करता येते.

आणि अखेरीस पाणी. मुळशीचे पाणी आजही पश्चिमेकडे कोसळते, भिऱ्याखाली कुंडलिकेत मिसळते आणि कोकणातील शेतीला उपयोगी पडून समुद्रास मिळते. पण ज्या पूर्वेकडे ते मूळचे जात होते, त्या भीमेच्या खोऱ्यात अवर्षणाची छाया वारंवार पडते. दुष्काळाच्या वर्षी सोलापूरकडील माणूस उजनीच्या तळाकडे पाहतो तेव्हा पश्चिमेकडे वळविलेले पाणी परत मागण्याची चर्चा सुरू होते. १९२१ मध्ये कोणाच्या मनातही नसलेला हा हिशेब आहे. नदी वळविली, की केवळ काठची गावे बुडत नाहीत. खाली दूरवरच्या, अजून न जन्मलेल्या माणसाची तहानही त्या निर्णयात सामील होते. त्यावेळच्या निर्णयकर्त्यांना हे दिसले नाही, यात नवल नाही. मात्र जे खोऱ्यात राहत होते, त्यांनी एवढे तरी सांगितले होते, की नदी ही एकाच्या उपयोगाची वस्तू नाही.

राजेंद्र व्होरा यांच्यासारख्या अभ्यासकांनी मुळशीचा इतिहास दप्तरांतून बाहेर काढला नसता, तर हा लढा एका थोर क्रांतिकारकाच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणूनच उरला असता. बापटांचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु सत्याग्रह त्यांच्या येण्यापूर्वी पेट्यात रुजला होता आणि त्यांच्या तुरुंगवासानंतर पेट्यातच सोसला गेला. ज्या शेतकरी स्त्रियांनी धरणाच्या पायावर बसून दिवस काढले, त्यांतील बहुतेकींची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्यांनी बांधलेली खाचरे आज पाण्याखाली आहेत. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र पाण्यावर आहे, आणि ताम्हिणीच्या वाटेवर थांबून जलाशयाकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला तो दिसू शकतो, जर तो नुसता देखावा पाहून पुढे गेला नाही तर.